या चुका टाळा: जेटीवरून माकूळ गरवताना

धरणाच्या पाण्यात रोहू-कटल्यासाठी गळ टाकून ज्याचा हात बसलाय, तो पुणेकर कोकणातल्या जेटीवर पहिल्यांदा माकुळासाठी उभा राहिला की त्याचा अनुभवच त्याला आडवा येतो. कटला आमिष तोंडात ओढून घेतो, गळ आत जातो, आपण झटका देतो. माकूळ (काही गावांत म्हाकूळ, इंग्रजीत स्क्विड) आमिष गिळतच नाही. दोन लांब सोंडा फेकून ते भक्ष्य धरतं, आठ हातांनी आवळतं आणि चोचीने कुरतडत बसतं. आणि झडप घालतं ती बहुतेक वेळा आमिष हळूहळू खाली जात असताना. पुढच्या निम्म्याअधिक चुका या एका गोष्टीच्या विसरण्यातून होतात.

साधा गळ आणि कोळंबी

कोळंबी गळाला लावून सोडली, तर माकूळ येईल, कोळंबी खाईल आणि निघून जाईल. आमिष म्हणून छोटी तारली लावली असेल आणि ती डोक्यामागे व्यवस्थित कुरतडलेली, काटा तसाच शिल्लक, अशी वर आली तर खाली माकूळ आहे असं समजा. चुकलंय ते हत्यार. हवी ती माकुळाची जिग, जपानी नाव एगी: कोळंबीच्या आकाराची, वर कापड, गळ्याखाली शिसं आणि शेपटीला सुयांचे दोन मुकुट. या सुयांना उलटा काटा नसतो, हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

जिगवरचे आकडे सेंटिमीटरचे नाहीत. एक आकडा म्हणजे साधारण ३ सेंमी. २.५ नंबरची जिग सुमारे ७.५ सेंमी आणि १० ग्रॅमच्या आसपास, ३.५ नंबरची साडेदहा सेंमी आणि २० ग्रॅमच्या आसपास. व्हिडिओत जपानी लोक ३.५ वापरताना दिसतात म्हणून तीच घेणारे पुष्कळ. त्यांच्याकडचं माकूळ जाडजूड असतं. आपल्या किनाऱ्यावर जेटीच्या दिव्याखाली येणारं बहुतेक वीतभर किंवा त्याहून लहान. २ आणि २.५ नंबरपासून सुरुवात करा.

रंगांवर फार पैसे घालू नका. बहुतेक माकुळांच्या डोळ्याला रंग वेगळे ओळखताच येत नाहीत, त्यांना कळतो तो उजेड-अंधारातला फरक. एक गडद, एक फिकट, एक अंधारात चमकणारी, एवढ्या तीन जिग पुरे. चमकणारीला दर दहा-पंधरा मिनिटांनी टॉर्च दाखवावा लागतो. ते विसरलं की ती नुसती पांढरी जिग.

कटल्याची काठी, जाड तंगूस

०.४० मिमी तंगूस (नायलॉनचा दोरा) लावलेल्या जाड काठीने १० ग्रॅमची जिग धड फेकलीही जात नाही. फेकली तरी जाड दोरा वाऱ्याने फुगतो, पाण्यात झोल धरतो आणि जिग सरळ खाली न जाता तिरकी तरंगत राहते. साडेसात ते साडेआठ फुटांची हलकी काठी, २५०० मापाचं रीळ, ०.६ ते ०.८ नंबरचा (हा नंबर मिलिमीटरचा नव्हे) विणलेला दोरा आणि पुढे दीड मीटर फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोरा आणि जिग यांच्यामधला तुकडा (८ ते १२ पौंडी), असा संच घ्या. विणलेला दोरा थेट जिगला बांधू नका. खडकाला आणि कालवांच्या धारेला तो एका घासात तुटतो.

फेकण्याचा सराव पुण्यातच मैदानावर होतो. सुयांना बुचाचा तुकडा लावा म्हणजे झालं. नवी जिग निघण्याआधी उंच बादलीत सोडून बघा. तोंड खाली करून, शेपूट वर ठेवून ती तिरकी बुडायला हवी. आडवी पडत असेल किंवा गिरक्या घेत असेल तर शिसं किंवा पंख वाकलाय. (सोसायटीच्या टाकीत हा प्रयोग नको.)

शनिवार बघितला, तिथी नाही

ही पुण्याची खास चूक. शनिवारी सकाळी ताम्हिणीतून खाली उतरायचं, जेवून संध्याकाळी जेटी गाठायची, तर समोर उघडा पडलेला चिखल. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या.

यातून नवशिक्यासाठी एक चांगली गोष्ट निघते. सप्तमी ते नवमी, शुद्ध असो की वद्य, भरती संध्याकाळच्या सुमाराला भरते. शिवाय ते भांगाचे दिवस: पाण्याला ओढ कमी, गाळ कमी ढवळलेला. दिवेलागणीला पाणी भरलेलं आणि शांत, याहून सोयीची वेळ नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. संध्याकाळी पाणी सगळ्यात खाली, आणि रात्री भरती जोरात आत घुसते तेव्हा १० ग्रॅमची जिग तळापर्यंत पोचतच नाही.

गढूळ पाण्यात तासन्‌तास

माकूळ डोळ्यांनी शिकार करतं. दिसलंच नाही तर येणार कसं? रेवस, बाणकोट, दाभोळ ही खाडीच्या मुखावरची ठिकाणं. ओहोटीबरोबर वरचा गाळ तिथेच उतरतो. देवगड, मालवणकडे पाणी त्या मानाने नितळ. पण एकाच गावात दोन धक्के असतील तर खाडीपासून लांबचा, खडकाजवळचा निवडा. परीक्षा सोपी आहे: डब्याचं पांढरं झाकण वजनासह दोऱ्याला बांधून सोडा. हातभर खाली जाताच दिसेनासं झालं तर गाडीत बसा. पुरुषभर खोलीपर्यंत दिसत राहिलं तर थांबा. पावसाळ्यात आणि लगेच नंतर नद्यांचं लाल पाणी समुद्रात असतं. नोव्हेंबरपासून पुढे पाणी निवळतं.

धक्क्याच्या कडेला काळे, ओघळलेले डाग दिसले तर ती माकुळाची शाई. जिथे डाग दाट, तिथेच उभे राहा.

दिव्याच्या मधोमध

जेटीच्या दिव्याखाली बारीक मासळी जमते, म्हणून सगळे भर उजेडात जिग टाकतात. माकूळ मात्र उजेड आणि सावलीच्या सीमेवर, काळोखाच्या बाजूला थांबतं. जिग उजेडापलीकडे टाकून ती सावलीच्या रेषेवर खाली जाईल अशी आणा. डोक्यावरचा टॉर्च पाण्यावर फिरवू नका. गाठ मारायची असेल तर पाण्याकडे पाठ करा.

सतत ओढत राहणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. जिग पाण्यात पडली की रीळ फिरवायला सुरुवात. मग जिग पृष्ठभागाखालून धावत येते आणि खाली बसलेल्या माकुळाला ती कधी भेटतच नाही.

त्याऐवजी असं करा. जिग पडताच रिळाची कडी हाताने बंद करा, सैल दोरा गोळा करा आणि मोजायला लागा. २.५ ते ३ नंबरची जिग एक मीटर खाली जायला साधारण साडेतीन-चार सेकंद घेते, म्हणजे चार मीटर पाण्यात तळ गाठायला पंधरा सेकंदांच्या आसपास. पहिल्या फेकीत तळाचा आकडा काढा. दोरा ढिला पडला की तळ. पुढच्या फेकींत पाच, दहा, मग तळाच्या दोन-तीन आधी, असे थर बदलत जा, कारण दिव्याखाली माकुळं बऱ्याचदा मधल्या पाण्यात असतात. ठरलेल्या आकड्यावर काठीचं टोक दोनदा वर उचला, झटक्याने पण दणका न देता. मग टोक खाली आणा आणि आठ-दहा सेकंद काहीही करू नका. हेच जड जातं.

याच वेळात दोऱ्याकडे बघायचं. काठीला धक्का बसण्याची वाट बघाल तर निम्मी माकुळं जातील. खाली जाणारा दोरा मध्येच थांबला, अचानक ढिला पडला किंवा आडवा सरकला, तर जिग कुणीतरी धरलीय. काठी फक्त संथपणे वर घ्या. वजन लागलं तर ते माकूळ, कटकट घासलं तर खडक.

लागलं, आणि सुटलं

नुसती तुटलेली सोंड वर आली तर ड्रॅग (ओढ बसली की रिळातून दोरा किती सहज सुटेल ते ठरवणारा स्क्रू) आवळलेला आहे. सोंड आणि हात मऊ असतात. माकूळ पाणी फेकत उलटं, मागच्या दिशेने पळतं तेव्हा दोरा सुटायलाच हवा. रिळाजवळ दोन बोटांनी दोरा ओढला की तो कुरकुरत बाहेर येईल इतका ड्रॅग सैल ठेवा. याउलट ड्रॅग सैल असून माकूळ सुटत असेल, तर तुम्ही काठी खाली-वर पंपासारखी हलवताय. सुयांना उलटा काटा नाही. दोरा क्षणभर ढिला झाला की ते मोकळं. काठी एका कोनात धरा आणि रीळ एका लयीत फिरवा.

शेवटचे दोन मीटर लांब दांड्याच्या झोळीचे. ओहोटीला जेटी पाण्यापासून बरीच उंच होते आणि दोऱ्याने उचललेलं माकूळ हवेत गळून पडतं. झोळी मागून, शेपटीच्या बाजूने द्या. घाबरलेलं माकूळ स्वतःच मागे त्यात शिरतं. वर घेण्याआधी अर्धा मिनिट पाण्यावरच राहू द्या, शाई तिथेच सोडेल. धरायचं पाठीवरून, डोक्यामागे, पाणी आणि शाई उडवणारी नळी स्वतःकडे आणि शेजाऱ्याकडे न ठेवता. चोच पोपटासारखी असते, बोट तिच्याजवळ न्यायचं नाही.

जिगचं कापड फाटून येत असेल तर तो केंड मासा, जागा बदला. लीडर कात्रीने कापल्यासारखा तुटत असेल तर दिव्याखाली वाकटी आलीय, तिच्या दातांपुढे फ्लुरोकार्बन टिकत नाही. जिग खडकात अडकली तर हिसके देऊ नका. दोरा ताणून सोडा, दोन-तीनदा; नाहीच निघाली तर दोरा कापडात गुंडाळून सरळ मागे ओढा. सुया वाकून जिग सुटते, आणि पक्कडीने त्या पुन्हा वळवता येतात.

धक्क्यावरची शिस्त

शेवाळलेल्या पायऱ्यांवर चप्पल घालून उतरू नका. प्रवासी लाँच किंवा होडी दिसली की दोरा गोळा करा, दोरा पंख्यात गेला तर भांडण रास्तच असतं. रात्री उभं राहायची परवानगी आहे का, ते तिथल्या माणसाला आधी विचारा. जाळी वाळत किंवा पाण्यात असतील तिथून लांब राहा.

बर्फ आणि परतीचा घाट

माकूळ थेट बर्फाच्या पाण्यात टाकलं की गोड्या पाण्याने ते पांढरं, पिचपिचीत होतं. पिशवीत घालून पिशवी बर्फात ठेवा आणि पुण्यापर्यंत वितळलेलं पाणी अधूनमधून काढत जा. घरी गेल्यावर डोकं ओढून वेगळं करा, आतला पारदर्शक, प्लास्टिकच्या पट्टीसारखा काटा काढा, शाईची पिशवी फोडू नका. तव्यावर मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं, नाहीतर रश्श्यात पाऊण तास; मधल्या वेळात उतरवलं की रबर.

जिग गोड्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, मगच डबीत ठेवा. ओल्या जिग डबीत बंद केल्या की पुढच्या अष्टमीपर्यंत सुया गंजतात आणि गंजाचे डाग कापडावर उतरतात.