मेसामध्ये बिघाड दिसला? नेमका बदल शोधून द्या

लिनक्सवरच्या मुक्तस्रोत ग्राफिक्स ड्रायव्हरचा मोठा भाग 1993 पासून चालू असलेल्या मेसा प्रकल्पात घडतो. तिथे मदत करायला सी भाषा यायलाच हवी असं नाही. तुमच्याकडचं जुनं ग्राफिक्स कार्ड विकासकाकडे नसेल, तर त्यावरची चाचणी तुम्हीच करू शकता.

अपडेटनंतर एखाद्या खेळात सावल्या गायब झाल्या, तर ‘चालत नाही’ एवढंच कळवून थांबू नका. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटवरून मेसाचा कोड घ्या, मेसॉन या साधनाने वेगळ्या फोल्डरमध्ये त्याचा चालता ड्रायव्हर बांधा आणि ‘मेसॉन डेव्हएन्व्ह’ ही आज्ञा वापरून खेळ त्याच प्रतीवर चालवा. सिस्टिमचा मूळ ड्रायव्हर तसाच राहतो, त्यामुळे बिनधास्त प्रयोग करा. (काम मात्र आधी सेव्ह करा, कार्ड अडकलं तर मशीन रीस्टार्ट करावं लागतं.)

मग दोषी बदल शोधणारी ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा. चांगली आणि बिघडलेली आवृत्ती सांगितली की ती मधली आवृत्ती पुढ्यात ठेवते. ती बांधून, तपासून तुम्ही ‘गुड’ किंवा ‘बॅड’ म्हणायचं. मध्ये हजार बदल असले, तरी साधारण 10 फेऱ्यांत दोषी बदल हाती लागतो. माझ्या मते स्वयंसेवकाच्या कामात याहून मोलाचं फार थोडं आहे, कारण विकासकाचे कित्येक तास वाचतात.

खेळ ओपनजीएल हा ग्राफिक्स इंटरफेस वापरत असेल तर ग्राफिक्सच्या आज्ञा नोंदवणाऱ्या ‘एपीआयट्रेस’ने ते दृश्य नोंदवून तक्रारीला जोडा, विकासकाला खेळ विकत न घेता ते पुन्हा चालवता येतं. सोबत कार्डाचं मॉडेल, कर्नल (लिनक्सचा गाभा) व मेसाची आवृत्ती आणि कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’चा लॉग द्या. दुरुस्तीचा पॅच (कोडमधला बदल) आला की तोही आपल्या कार्डावर तपासून निकाल कळवा.