फिकट रंगाच्या लेदर सीट गोव्याच्या हवेत कशा सांभाळाव्यात

बेज किंवा मोतिया रंगाच्या लेदर सीट शोरूममध्ये देखण्या दिसतात. गोव्यात आल्यावर मात्र त्यांना उन्हाळ्यात लाल मातीची धूळ, किनाऱ्यावरून पायांबरोबर आलेली वाळू आणि जूनपासून चार महिने दमट हवा सोसावी लागते. आमच्या गाडीला पहिल्याच पावसाळ्यात आठ दिवस बंद राहिल्यावर पांढुरकी बुरशी धरली. तेव्हापासून मी सीट पुसण्याइतकंच लक्ष त्या सुकवण्याकडे देते.

आधी सीट कशाची आहे ते बघा. बऱ्याच गाड्यांत बसायचा भाग तेवढा चामड्याचा आणि कडा, पाठ रेक्झिनच्या असतात. गाडीच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. मग सीटच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. तो मण्यासारखा वर राहिला, तर चामड्यावर संरक्षक थर आहे आणि पुढची पद्धत चालेल. थेंब लगेच मुरून तिथे गडद डाग पडला, तर घरी प्रयोग नकोत, जाणकाराकडेच द्या.

साफसफाई व्हॅक्यूमने सुरू करा. वाळूचे कण तसेच ठेवून फडकं फिरवलं की ते थरावर बारीक ओरखडे काढतात आणि फिकट सीटवर मळ त्याच ओरखड्यांत बसतो. शिवणी आणि पाठ-बैठकीमधली फट अरुंद तोंडाच्या नळीने नीट ओढून घ्या. मिरामार किंवा कोलव्याच्या किनाऱ्यावर जाऊन आलात, तर त्याच संध्याकाळी हे केलेलं बरं.

आता साबण. चामडं किंचित आम्लधर्मी असतं, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) साधारण ४ ते ५. अंगाला लावायच्या वडीचा सामू ९ ते १० असतो, त्यामुळे ती वडी, कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नका. लेदर क्लीनर उत्तम. तो नसेल तर लिटरभर कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब पुरतात. आधी न दिसणाऱ्या जागी लावून बघा. द्रावण सीटवर फवारायचं नाही. मऊ ब्रशवर फेस घ्या आणि वीतभर भाग हलक्या हाताने गोल फिरवत घासा. मळ वर आला की सुकण्याआधी पांढऱ्या मायक्रोफायबर फडक्याने टिपा. पांढरंच का, तर किती मळ निघाला ते कळतं आणि फडक्याचा रंग सीटला लागत नाही. मग साध्या पाण्यात पिळलेलं फडकं, शेवटी कोरडं. बारीक भोकं असलेल्या सीटवर तर फेसही अगदी कोरडा हवा, कारण पाणी आतल्या फोममध्ये गेलं की पावसाळ्यात ते सुकतच नाही.

सीट सावलीत, चारही दरवाजे उघडे ठेवून, जमल्यास घरचा पंखा लावून सुकवा. पाऊस असेल तर पंधरा-वीस मिनिटं एसी चालवा, तो हवेतला ओलावा ओढतो. पण गाडी उघड्यावर उभी करा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं.

जीन्सचा निळा रंग लवकर पुसला तरच निघतो, म्हणून गाडी चालवणाऱ्याची सीट दर आठवड्याला पुसा. हुमण (माशाची आमटी) सांडलं तर घासू नका, टिपून घ्या. हळदीचा उरलेला पिवळेपणा उजेडात हळूहळू फिका होतो. शिगम्याच्या (गोव्यातल्या होळीच्या सणाच्या) गुलालाला तर पाण्याचा थेंबही लावू नका. तो कोरडाच व्हॅक्यूमने ओढा, मऊ ब्रशने झटका आणि मगच फेस वापरा. नेलपॉलिश रिमूव्हर, स्पिरिट आणि पांढरा मेलामाईन स्पंज डागाबरोबर सीटचा रंगही काढतात. खोबरेल तेल चामड्याला चालतं असं अनेकजण प्रेमाने सांगतात, पण त्याने सीट चिकट होते आणि धूळ धरते.

लेदर कंडिशनर (चामडं मऊ ठेवणारं मलम) तीन-चार महिन्यांनी एकदा, फडक्यावर घेऊन अगदी पातळ लावा आणि उरलेलं पुसून टाका. रेक्झिनच्या भागाला तो लागत नाही.

बुरशी दिसलीच तर गाडी उघड्यावर आणा, तोंडाला मास्क बांधा आणि ओलसर फडक्याने पुसा. प्रत्येक पुसण्याला फडक्याची नवी घडी घ्या. ब्लीच नको. सीट पूर्ण कोरडी झाल्यावर पायाखालच्या मॅटही काढून बघा, ओल बहुधा तिथेच साचलेली असते. गाडी चतुर्थीच्या दिवसांत गावी नुसती उभी राहणार असेल, तर आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि दोन दिवसांआड ती थोडी फिरवून आणा.