हॅमस्टरसाठी अ‍ॅक्रिलिकचं घर करताय? आधी हवेचं बघा

अ‍ॅक्रिलिकचा बॉक्स दिसायला एकदम भारी, पण झाकणासकट सगळ्या बाजू बंद ठेवल्या तर आत लघवीचा वास आणि दमटपणा कोंडतो आणि एवढ्याशा जीवाला श्वासाचा त्रास होतो. म्हणून झाकण अ‍ॅक्रिलिकचं करूच नका, लाकडी फ्रेमवर वेल्डेड जाळी मारा, ड्वार्फ (म्हणजे छोट्या जातीचा) हॅमस्टर असेल तर जाळीचं भोक ६ मिमीच्या वर नको, तो कुठूनही निसटतो.

शीट ५ मिमी घ्या, ३ मिमीची लांब बाजूला फुगते. तळ किमान १०० बाय ५० सेमी तरी हवा आणि उंची ५० च्या आसपास, कारण आत २०-२५ सेमी भुसा भरायचा असतो, हॅमस्टरला बिळं करायला लागतात ना! कटिंग शक्यतो साइनबोर्डवाल्याकडून लेझरवर करून घ्या, कडा सरळ आल्या की जोड पक्का बसतो.

चिकटवायला फेविक्विक नको, सांध्याजवळ पांढरे डाग पडतात. अ‍ॅक्रिलिकचं पातळ सॉल्व्हंट (कडा किंचित विरघळवून जोडणारं द्रव) मिळतं ते सिरिंजने सांध्यात सोडायचं, आपोआप आत ओढलं जातं, मात्र खिडक्या उघड्या ठेवून, आणि वास पूर्ण जाईपर्यंत प्राणी आत सोडायचा नाही म्हणजे नाही.

पुसायला स्पिरिट किंवा अमोनियावालं काच क्लीनर वापरू नका, बारीक तडे जातात, साबणाचं पाणी आणि मऊ फडकं बास. आणि बॉक्स उन्हात कधीच ठेवू नका, आत भट्टी होते.