गावतलावाची पाळ बघायची कशी

मातीच्या लहान धरणाला वाली नसतो. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीची काही धरणंही त्यात येतात, पण त्यासाठी लांबी किंवा साठा तेवढा मोठा असावा लागतो, किंवा तशीच दुसरी एखादी अट बसावी लागते. गावाशेजारचा सात-आठ मीटर उंचीचा पाझर तलाव त्यात बसत नाही. कागदोपत्री तो कुणाचा तरी असतो, पण पाळीवर, म्हणजे त्याच्या मातीच्या बांधावर, रोज पाय पडतात ते गावकऱ्यांचे, गुराख्यांचे आणि आता सहलीला येणाऱ्यांचे. म्हणून पाळीवर नजर ठेवायची तीही आपणच.

मी जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागात शाखा अभियंता होते. निवृत्तीनंतर मावळातल्या माझ्या गावी राहते. जून लागला की पुण्या-पिंपरीकडची मंडळी आमच्या तलावावर येतात, कणसांच्या आणि भज्यांच्या टपऱ्या लागतात, गावातली पोरं ट्यूब भाड्याने देतात. गावाला चार पैसे मिळतात याचा मला आनंद आहे. तलाव लहान आहे म्हणून धोकाही लहान, हे मात्र मला मान्य नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात केली बार्न्स नावाचं साधारण १२ मीटर उंचीचं मातीचं धरण होतं. आधी ते विजेसाठी वापरायचे, १९५७ नंतर ते नुसतं करमणुकीचं तळं उरलं. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री दीडच्या सुमारास ते फुटलं आणि खालच्या कॉलेजच्या वस्तीतली ३९ माणसं गेली. आपल्याकडे चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ ला फुटलं, तेही रात्रीच. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या.

पाळ बघायला मे महिन्याच्या शेवटी एकदा जायचं, तलाव पहिल्यांदा भरला की एकदा, आणि मग प्रत्येक मोठ्या पावसानंतर. एकटं जाऊ नका. बरोबर काठी, टेप, थोडी चुन्याची फक्की आणि झाकणाची पारदर्शक बाटली घ्या. फोटो काढाल ते दर वेळी त्याच जागेवर उभं राहून काढा, नाहीतर मागच्याशी ताडून बघता येत नाही.

सुरुवात सांडव्यापासून, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेपासून करा. मातीचं धरण पुरात जगतं ते सांडव्याच्या जिवावर. पाणी वाढलं की ते सांडव्यातूनच गेलं पाहिजे, पाळीच्या माथ्यावरून थेंबही जाता कामा नये. लोणावळ्याच्या भुशी धरणावर लोक पायऱ्यांवर बसून वरून येणारं पाणी अंगावर घेतात. ते धरण दगडी आहे, म्हणून ते चालतं. तेच चित्र मनात ठेवून लोक आमच्याकडे विचारतात, ‘ताई, इथे पाळीवरून पाणी कधी पडतं?’ मातीच्या पाळीवरून पाणी पडायला लागलं की मागचा उतार धुपत वर सरकतो आणि थोड्या वेळात खिंडार पडतं.

आमच्या भागात सांडव्याशी दोन खेळ चालतात. मच्छी ठेकेदार मासे वाहून जाऊ नयेत म्हणून आडवी जाळी लावतो, आणि उन्हाळ्याला पाणी पुरावं म्हणून कुणीतरी सांडव्यावर वाळूची पोती रचतं. जाळीचं मी प्रत्येक ठेकेदाराला जॉन्सटाउनच्या उदाहरणावरून सांगते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जॉन्सटाउनच्या वरच्या बाजूला साउथ फोर्क नावाचं मातीचं जुनं धरण श्रीमंतांच्या एका क्लबने मासेमारीसाठी आणि विहारासाठी घेतलं. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या, बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली घेतला. तळातून पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाने काढून टाकले होते, ते पुन्हा बसवलेच नाहीत. ३१ मे १८८९ ला मुसळधार पावसात जाळ्या काडीकचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं. खालच्या खोऱ्यात २,२०९ माणसं मेली. पोत्यांचंही तसंच. एक फूट पोती रचली की एक फूट पाणी जास्त साठतं, हे खरं. पण भरलेलं पाणी आणि पाळीचा माथा यांच्यात पुरासाठी मुद्दाम सोडलेलं जे अंतर असतं, त्यातलं ते एक फूट गेलेलं असतं. जाळी दिसली की काढायला लावा, पोती दिसली की त्याच दिवशी हलवा. सांडव्याच्या तोंडाशी आणि पुढच्या चरात झुडपं, दरडीचे दगड, गणपतीची निर्माल्याची पोती, टपरीचे वासे, काहीही राहू देऊ नका.

मग पाळीच्या मागच्या बाजूला, पायथ्याशी उतरा. वेळ द्यायचा तो इथे. मातीचं धरण थोडं पाझरतंच, आणि पायथ्याच्या गाळणीतून (माती अडवून पाणी सोडणाऱ्या वाळू-खडीच्या थरांतून) स्वच्छ पाणी येत असेल तर गाळणी काम करते आहे असं समजा. त्याची धार बादलीत धरा, बादली किती सेकंदांत भरली आणि त्या दिवशी तलावात पाणी कुठवर होतं, हे वहीत लिहा. तलावाची पातळी तीच असताना बादली लवकर भरायला लागली तर आत काहीतरी बदललं आहे. दुसरी परीक्षा बाटलीची. स्वच्छ दिसणाऱ्या पाझराचं पाणी भरून बाटली रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी माती बसलेली दिसली तर पाणी पाळीच्या पोटातली माती घेऊन येतं आहे. याला आम्ही पाइपिंग म्हणतो. आतल्या आत बोगदा तयार होत जातो. अमेरिकेतलं ९३ मीटर उंचीचं टीटन धरण ५ जून १९७६ ला असंच गेलं. सकाळी गढूळ पाझर दिसला आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटलं. गढूळ धारेला उद्या बघू म्हणायला वेळ नसतो.

मागच्या उतारावर मध्येच ओल, उन्हाळ्यातही हिरवागार पट्टा, पायाखाली मऊ लागणारी जागा, जमिनीतून वाळू उसळवत येणारी उकळी, या सगळ्यांभोवती फक्की टाकून खूण करा. आणि कृपा करून मागच्या बाजूचा पाझर काळी माती किंवा सिमेंट टाकून बुजवू नका. अडलेलं पाणी दुसरीकडून फुटतं आणि उतार आणखी ओला करतं. अभियंता येईपर्यंत करायचं ते एवढंच: उकळीवर आधी जाडी वाळू, तिच्यावर कच, त्यावर खडी असे थर द्यायचे, म्हणजे पाणी येत राहतं आणि माती अडते. उकळी जोरात असेल तर भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करून आत थोडं पाणी चढू द्यावं.

पाळीखालून पाणी सोडायच्या तोटीच्या, म्हणजे विमोचकाच्या, पाइपाभोवतीची जागा नीट बघा. १२ जुलै १९६१ ला पानशेत गेलं तेव्हाही घात विमोचकाच्या जागी झाला होता. तिथला भराव खचत गेला आणि पाणी माथ्यावरून वाहिलं. भराव आणि पाइप यांच्या सांध्यातून पाणी वाट शोधतं. म्हणून शेतासाठी पाळ उकरून पाइप टाकायची परवानगी कुणालाही देऊ नका, सरपंचांच्या भावालासुद्धा. पाळीवरून सायफन टाकून पाणी नेता येतं.

माथ्यावर चालताना एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे नजर लावा. कुठे पोट पडलंय, म्हणजे माथा खचून खाली आलाय, ते लगेच दिसतं. भेगा दोन तऱ्हेच्या. मे महिन्यात काळ्या मातीला वरवर भेगा जातात, त्या उकरून ओलसर माती धुमसाने ठोकून भरल्या की भागतं. पण पाळीला आडवी गेलेली, म्हणजे पाण्याकडून मागच्या बाजूला जाणारी भेग धोक्याची, कारण तिच्यातून पाणी आरपार जाऊ शकतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, मधलं अंतर मोजून लिहा आणि लगेच कळवा.

झाडांवरून गावात वाद होतात. सावलीसाठी पाळीवर वड-पिंपळ लावायची हौस मी समजू शकते, पण झाडं तलावाच्या काठाने लावा, पाळीवर नको. पाळीवर हरळी किंवा मारवेल चांगली. बाभळीची आणि सुबाभळीची रोपं हाताने उपटता येतात तोवरच काढा. मोठं झाड असेल तर नुसतं तोडून बुंधा ठेवू नका, मुळं कुजून त्यांच्या वाटा होतात. ते अभियंत्याच्या देखरेखीखालीच काढायचं. घुशीची आणि खेकड्यांची बिळं दिसतील तशी खणून, थराथराने ठोकून बुजवा.

पाहुण्यांसाठीचे आमच्या गावचे नियम सांगते. पाळीवर चारचाकी नाही. टपरी, बाक, चूल यांसाठी मागचा उतार खणायचा नाही. पाण्याकडच्या उतारावर रचलेले पिचिंगचे दगड चुलीला उचलायचे नाहीत, ते लाटांपासून पाळ वाचवतात. विमोचकाच्या विहिरीजवळ आणि वाहत्या सांडव्यात कुणीही उतरायचं नाही. वरून येणाऱ्या ओढ्याच्या पात्रातही बसायचं नाही; ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. काठावर लांब दोर आणि घट्ट बुचाचे रिकामे २० लिटरचे कॅन बांधून ठेवा. बुडणाऱ्याकडे उडी मारण्याआधी ते फेकायचे.

मासे धरायला तलाव घाईने रिकामा करू नका. पाणी झपाट्याने उतरलं की आत भिजलेला उतार घसरतो. दिवसाला एक फुटाहून जास्त पातळी उतरवू नये. गाळ काढताना पाळीच्या आतल्या पायथ्यापासून उंचीच्या निदान पाचपट अंतर सोडायला मी जेसीबीवाल्याला सांगते.

१०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात. ग्रामपंचायतीत तलावाचा कागद काढून आपला कुणाकडे आहे ते बघा. अर्ज लेखी द्या, फोटो जोडा, पोच घ्या. पण गढूळ धार, नवं पोट किंवा माथ्याला टेकत आलेलं पाणी दिसलं तर अर्ज लिहीत बसू नका. आधी ओढ्याकाठच्या घरांना उठवून उंचावर न्या, मग जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर आणि पोलिसांना ११२ वर कळवा. ओढ्याकाठच्या प्रत्येक घराचा फोन नंबर आमच्या पोलीस पाटलांकडे लिहून ठेवलेला आहे, आणि अतिवृष्टीच्या रात्री दोघे जण बॅटरी घेऊन पाळीवर पाळीपाळीने थांबतात.