ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा: आधी कॅलेंडर घ्या, मग फॉर्म

दिवाळीला बडोद्यात आले की आमच्या दांडिया बाजारच्या घरी कुणी ना कुणी फाइल घेऊन येतंच. ‘ताई, यूकेचं झालंय, जरा कागद बघता?’ काय झालंय, हे मी आधी विचारते. बहुतेकदा एजंट ‘होऊन जाईल’ म्हणालेला असतो, तेवढंच झालेलं असतं.

या व्हिसाला आधी नोकरी हातात लागते, आणि ती देणाऱ्या कंपनीकडे तिथल्या गृहखात्याचं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसं कामावर घ्यायचा परवाना. अशा कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या साइटवर फुकट बघता येते. नाव तिथे नसेल तर फाइल मिटा आणि चहा प्या. असेल तर कंपनी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देते, ज्याला सगळे सीओएस म्हणतात. म्हणायला सर्टिफिकेट, हातात येतो नुसता एक नंबर. तो उमेदवाराला विकणं बेकायदा आहे. अलकापुरीतल्या एका ऑफिसात मला त्याचे बारा लाख सांगितले होते, वर ‘हप्ते चालतील ने!’ मी पर्स उचलली.

पगाराचं थोडक्यात. २२ जुलै २०२५ पासून नव्या अर्जाला काम पदवीच्या पातळीचं हवं, आणि पगार वर्षाला ४१,७०० पौंड किंवा त्या कामाचा तिथल्या सरकारनं ठरवलेला दर, यांतला जो जास्त असेल तो. २६ वर्षांखालच्यांना थोडी सवलत आहे.

सीओएस निघाला की त्यातला सगळा मजकूर कंपनीकडून मागवा आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्या गुजरातच्या मार्कशीटवर आडनाव आधी छापतात. कंपनीतल्या बाईंनी ती बघून माझं आडनावच पहिलं नाव करून टाकलं होतं! अशी किरकोळ चूक कंपनीला नोट घालून दुरुस्त करता येते, पण ती तुम्ही अर्ज भरायच्या आत.

नंबर मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. भरपूर वेळ आहे असं वाटतं. मलाही वाटलं होतं.

तिथे गेल्यावरच्या सुरुवातीच्या राहण्याखाण्याच्या खर्चाची हमी कंपनीनं सीओएसवर दिली असेल तर तुम्ही सुटलात. माझ्या कंपनीनं दिली नव्हती, आणि मी विचारलंही नव्हतं. मग १,२७० पौंडांइतकी रक्कम स्वतःच्या खात्यात सलग २८ दिवस दिसावी लागते, आणि त्यातला शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. मी पगाराच्याच खात्यात अगदी बेताचे पैसे ठेवून निर्धास्त होते. एकोणिसाव्या दिवशी विम्याचा हप्ता आपोआप कापला गेला. बँकेचा मेसेज आला होता, मी वाचलाच नाही. शिल्लक साडेचारशे रुपयांनी खाली गेली आणि तिसऱ्या दिवशी पगार जमा झाल्यावर वर आली. पण मोजणी पुन्हा एकपासून! बाबा पासबुक घेऊन बसले, बोटांवर दिवस मोजले आणि एवढंच म्हणाले, ‘साडेचारशे रुपये माझ्याकडे मागायचेस.’

तेव्हा यासाठी वेगळं खातं ठेवा, त्याला कुठलाही हप्ता किंवा यूपीआय जोडू नका. दहा-पंधरा हजार जास्तच असू द्या, कारण रुपयाचे पौंड अर्जाच्या दिवशीच्या दरानं मोजतात.

ते २८ दिवस चालू असतानाच बाकीचं उरका. टीबीची तपासणी, म्हणजे छातीचा एक्स-रे, ब्रिटिश सरकारच्या मान्य यादीतल्या क्लिनिकमध्येच चालते. मी अहमदाबादला सकाळच्या गाडीनं जाऊन आले. ते प्रमाणपत्र सहा महिने चालतं. इंग्रजीची परीक्षा देणार असाल तर साधी आयईएलटीएस नको, ‘फॉर यूकेव्हीआय’ लिहिलेलीच हवी. ८ जानेवारी २०२६ पासून पातळीही बी१ ऐवजी तिच्यावरची बी२ झाली आहे. इंग्रजी माध्यमातून पदवी झाली असेल तर एक्टिस या ब्रिटिश संस्थेकडून तसा दाखला घेता येतो. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या आम्हा इंजिनिअर लोकांना तेच सोयीचं.

खरा चटका आरोग्य अधिभाराचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आधीच भरायच्या पैशांचा. वर्षाला १,०३५ पौंड, आणि सगळ्या वर्षांचे एकदम. तीन वर्षांचे ३,१०५ झाले, व्हिसाची फी वेगळी. कंपनी यातलं काय देणार, हे ऑफर स्वीकारण्याआधी विचारायला लाजू नका. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून मर्यादाही वाढवून ठेवा. माझं पेमेंट रात्री अकराला दोनदा अडकलं होतं.

अर्जानंतर बोटांचे ठसे दिले की निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो. मकरपुरा जीआयडीसीतल्या नोकरीचा राजीनामा मी त्यानंतरच टाकला. हा व्हिसा त्या एका कंपनीला बांधलेला असतो. नोकरी सुटली की नवा स्पॉन्सर शोधायला साधारण साठ दिवस मिळतात. आमच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली आंबेडकरांना अमेरिकेला पाठवलं, तेव्हाही परत येऊन दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची अट होती. पाठवणारा अट घालणारच, ती वाचून सही करा.

आणि मुलींनो, बोटांचे ठसे द्यायची तारीख घरातल्या लग्नाला लागून घेऊ नका. बोटांच्या टोकांवर मेंदी चालत नाही. माझ्या मावसबहिणीनं तिथे जायच्या आदल्या रात्री लिंबू घासघासून हात सोलून घेतले होते.