बॉनेटखालचं जुनं मेण: काढा, पण सगळं नको

इंदूरच्या राजेंद्रनगरात सेकंडहँड जर्मन गाड्या वाढल्यापासून बॉनेट उघडून "काका, ऑइल गळतंय वाटतं" म्हणणारे बरेच भेटतात. वर्कशॉपमध्ये फोरमन म्हणून निवृत्त झालो तरी लोक सोडत नाहीत. बहुतेक वेळा ते ऑइल नसतंच. अशा बऱ्याच गाड्यांच्या इंजिन बेवर, म्हणजे बॉनेटखालच्या इंजिनाच्या कप्प्यात, कारखान्यातच पातळ मेण फवारतात, बोल्टांना गंज चढू नये आणि अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडू नये म्हणून. नवं असताना ते डोळ्याला दिसतही नाही. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन पिवळं, मग तपकिरी होतं, आणि त्यावर माळव्याच्या काळ्या मातीची धूळ बसली की समईच्या बुडाशी साचलेल्या चिकटासारखं दिसू लागतं.

आधी खात्री करा. नखाने खरवडलं की मेणाची वळी निघते. ऑइल बोटाला ओलं लागतं. कापसाच्या काडीला थोडं मिनरल टर्पेंटाइन (रंग पातळ करायचं द्रावण) लावून कोपऱ्यात घासा. काडी तपकिरी झाली तर मेण. गाडीचा रंग काडीवर आला तर तिथेच थांबा, तो पेंट आहे.

आता माझं मत. जिथे थर अजून पारदर्शक आहे, तिथे हात लावू नका. पत्र्याचे सांधे, बोल्टांची डोकी, बॅटरीच्या ट्रेखालचा भाग यांना पावसाळ्यात तेच वाचवतं. गाडी मुंबईची असेल तर अजूनच जपून. काढायचं ते फक्त तपकिरी झालेलं, पापुद्रे सुटलेलं, धूळ धरून बसलेलं.

इंजिन पूर्ण थंड हवं. दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवा. जुन्या गाडीत म्युझिक सिस्टिमचा कोड लागत असेल तर तो लिहून ठेवा. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड आणि उघडे कनेक्टर पन्नीने (प्लॅस्टिकच्या पिशवीने) झाकून टेप लावा. हायब्रिड असेल तर नारिंगी, म्हणजे हाय-व्होल्टेज, केबलींच्या आसपास काहीही करू नका. मग कोरड्या पेंट ब्रशने धूळ झटका. ही पायरी लोक गाळतात आणि मग मातीच ओली करून पेंटवर घासत बसतात.

मेण काढायचं ते आधी उष्णतेने. असं मेण साधारण 50 ते 70 अंशांत मऊ पडतं, त्यामुळे घरातला हेअर ड्रायर पुरतो. वीतभर जागा तापवा, जुन्या सुती साडीच्या फडक्याने टिपा, फडकं उलटा, पुन्हा टिपा. घासू नका, टिपा. कोपऱ्यात प्लॅस्टिकचं जुनं कार्ड चालवा. स्क्रूड्रायव्हर किंवा पितळी ब्रश नको. निम्म्याहून जास्त काम इथेच संपतं, फक्त धीर हवा.

उरलेल्या पातळ थराला मिनरल टर्पेंटाइन, सियागंजात रंगाच्या कुठल्याही दुकानात मिळतं. ते लावण्याआधी ड्रायर बंद करून बाजूला ठेवा आणि तापवलेला भाग थंड होऊ द्या. टर्पेंटाइनची वाफ 30 ते 40 अंशांच्या घरात पेट घेण्याजोगी होते, आणि मे महिन्यात इंदूरची दुपार स्वतःच बऱ्याचदा 40 च्या वर जाते. म्हणून हे काम हिवाळ्यात किंवा सकाळी, मोकळ्या सावलीत. पेट्रोल तर अजिबात नको, कोणी "भिया, दोन मिनिटांत होतं" म्हटलं तरी. डिझेलने मेण निघतं, पण मागे तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ पुन्हा बसते.

टर्पेंटाइन फडक्यावर घ्या, इंजिनवर ओतू नका. दोन-तीन मिनिटं मुरू द्या, पुसा, लगेच साबणाच्या पाण्याच्या फडक्याने त्याचा अंश काढा. बेल्ट आणि कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) पाइप यांना ते लागू देऊ नका. कूलंटच्या पाइपचं रबर पेट्रोलियमने फुगतं. तिथे फक्त साबणपाणी. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर कॉस्टिक सोडा असलेला क्लीनर नको, धातू काळा पडतो आणि खाल्ला जातो.

प्रेशर वॉशरचा मोह टाळा. त्याने मेण कमी निघतं आणि कनेक्टरांत पाणी जास्त शिरतं. ओलं फडकं पुरतं, आणि तेही नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याचं. बोरिंगचं पाणी सुकलं की काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे डाग ठेवतं.

पन्न्या काढा, सगळं नीट वाळू द्या, टर्पेंटाइनचा वास पूर्ण गेल्याशिवाय बॅटरी जोडू नका. उघड्या पडलेल्या बोल्टांवर आणि सांध्यांवर पारदर्शक गंजरोधक मेणाचा पातळ हात द्या. एग्झॉस्टजवळ नको, धूर येतो.

फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. उन्हात नाही, पण उघड्यावर पसरून वाळवा आणि मग कचरा गाडीत घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्या. उरलेलं टर्पेंटाइन गटारात गेलं तर पुढे कान्ह नदीतच पोचतं. बाटलीत बूच लावून ठेवा; गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरता येतं.