कोणती रांग टळणार, ते आधी विचारा : गाइडसह आग्र्याची सहल कशी ठरवावी

कापूस घरात आला, तुरीची मळणी झाली, संक्रांतीची हळदीकुंकवं आटोपली की आमच्या गावात सहलीची गोष्ट निघते. २०१९पासून, करोनाची दोन वर्षं सोडली तर दरवर्षी, मी आर्वी तालुक्यातल्या आमच्या बचत गटाच्या बायांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन आग्र्याला जाते. वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी साठीच्या पुढची, चार-पाच जणींचे गुडघे गेलेले. या माणसांनी आयुष्यभर उन्हात उभं राहूनच काढलंय. ताजमहालासमोर त्यांना दोन-दोन तास उभं करणं माझ्या जिवावर येतं. म्हणून ‘बिनारांगेची सहल’, ‘स्किप द लाइन’, ‘व्हीआयपी एन्ट्री’ अशा नावांनी जे काही विकलं जातं, ते मी बारकाईने पाहत आले आहे. मोबाइलवर त्याबद्दल जो सल्ला मिळतो, ‘रेटिंग पाहा, लवकर बुक करा, पाणी सोबत ठेवा’, त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. कामाची गोष्ट त्यात कोणी सांगतच नाही.

गाडीचं रिझर्वेशन, गरम कपडे, औषधांची पिशवी हे तुम्ही बघालच. नागपूरहून आग्रा कँटला थेट गाड्या आहेत, तोही प्रश्न नाही.

आधी वार पक्का करा

ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. त्या दिवशी आग्र्यात असलात तर किल्ला, यमुनेपलीकडचा इतमाद-उद-दौलाचा मकबरा आणि फतेहपूर सिक्री पाहून घ्या. शनिवार-रविवार टाळा. दिल्लीही जोडणार असाल तर लाल किल्ला सोमवारी बंद असतो. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि शाहजहानचा उरूस या दिवसांत प्रवेश फुकट असतो. म्हातारी माणसं सोबत असतील तर त्या फुकटाच्या वाटेला जाऊ नका.

एक गोष्ट मात्र जरा ताणून सांगते. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर ‘सूर्योदयाचा ताज’ म्हणून जी महागडी सहल विकतात, ती घेऊ नका. त्या दिवसांत आग्र्यात सकाळी धुकं इतकं दाट असतं की समोरचा घुमट दिसत नाही. पहाटे चारला उठवून, थंडीत कुडकुडत नेऊन बायांना मी पांढरा पडदा दाखवलाय, तो दिवस मला अजून लागतो. धुक्यात रेल्वेही तासन्‌तास उशिरा येते, म्हणून ज्या दिवशी पोहोचणार त्या दिवसाचं तिकीट काढायचंच नाही. आम्ही आता रथसप्तमीनंतर निघतो.

आता मुख्य गोष्ट : रांग

इथेच पहिल्या वर्षी मी फसले, आणि इथेच बहुतेक लोक फसतात.

जानेवारी २०१९. तालुक्याच्या एका एजंटने माणशी चारशे रुपये जास्तीचे घेतले होते, ‘व्हीआयपी एन्ट्री’चे. दाराशी त्याचा पोरगा आला, हातात कागदांचा गठ्ठा दिला, म्हणाला, “चला, तिकिटाची लाइन वाचली तुमची.” आणि आम्हाला तपासणीच्या रांगेच्या शेपटाला लावून निघून गेला. सव्वा तास. माझ्या सखुमावशी आधी भिंतीला टेकल्या, मग चपला काढून त्यांच्यावरच बसल्या. “किती येळ उभं ऱ्हाचं व माय?” असं त्या दर पाच मिनिटांनी विचारायच्या, रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. आत गेल्यावर कळलं की त्या तिकिटात मुख्य मकबऱ्यात जायचे पैसे धरलेलेच नव्हते. मावशी संगमरवराच्या पायथ्याशी बसून राहिल्या आणि तशाच परतल्या. पुढच्या सहलीला त्या नव्हत्या.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसले आहे. ताजमहालाला रांग एक नसते, तीन असतात, आणि पैसे देण्याआधी एजंटकडून वदवून घ्यायचं की यातली कोणती टळणार.

पहिली रांग तिकीट खिडकीची. ही टळते, आणि ती टाळायला एजंट लागत नाही. पुरातत्त्व खात्याच्या अधिकृत साइटवर तिकीट आधी काढलं की मोबाइलवर क्यूआर कोड येतो. भारतीयांना तिकीट ५० रुपये. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण त्यांचं आधार कार्ड जवळ असू द्या. साइट निवडताना डोळे उघडे ठेवा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट याच तिकिटावर आपलं कमिशन चढवतात.

दुसरी रांग सुरक्षा तपासणीची. बायांची वेगळी, पुरुषांची वेगळी. ही कोणत्याही एजंटला, कोणत्याही गाइडला टाळता येत नाही. दाराबाहेर जे दलाल फिरतात, त्यांना आग्र्यात ‘लपके’ म्हणतात. ते अंगाला चिकटून सांगतात, “दो सौ दे दो, सीधे अंदर.” देऊ नका. परदेशी पाहुण्यांच्या महागड्या तिकिटाची रांग वेगळी असते. ती दाखवून ते तुम्हाला भुलवतात, आणि तुमच्या हातात ५० रुपयांचं तिकीट पाहून तिथला शिपाई तुम्हाला परत पाठवतो. तोवर तुमच्या रांगेतली तुमची जागा गेलेली असते. या रांगेवर उपाय फक्त वेळेचा आहे. दार सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतं. धुकं नसलेल्या दिवसांत तेव्हाच हजर राहायचं. आणि पूर्व दरवाजा धरायचा. माझ्या अनुभवात पश्चिम दरवाजावर गर्दी जास्त असते. दक्षिण दरवाजातून आत सोडत नाहीत, त्यामुळे जो एजंट ‘साउथ गेटने नेतो’ म्हणेल त्याने अलीकडे ताजमहाल पाहिलेलाच नाही असं समजा.

तिसरी रांग मुख्य मकबऱ्यात जायची. त्यासाठी २०१८च्या डिसेंबरपासून वेगळे २०० रुपये लागतात. ‘तिकिटासह’ असं लिहिलेल्या सहलीत हे २०० बहुधा नसतात. माझं मत विचाराल तर हे पैसे द्यावेत, निदान पहिल्यांदा जाणाऱ्याने. आतली जाळी आणि रंगीत दगडांची फुलं हाताच्या अंतरावरून पाहायला मिळतात. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत, वर दिसतात त्या प्रतिकृती. हे बायांना आधी सांगून ठेवा, म्हणजे आत गेल्यावर घोळ होत नाही.

आता हे एजंटकडून कसं काढून घ्यायचं? फोनवर. गेल्या वर्षी नागपूरच्या एकाशी माझं बोलणं झालं, ते जसंच्या तसं देते.

“दादा, तुमच्या टूरमध्ये कोणती रांग टळते?”
“सगळ्याच, मॅडम.”
“तपासणीची पण?”
“तिथे आपला माणूस राहते.”
“म्हणजे तपासणी न होता आम्हाला आत सोडतात?”
तो थोडा थांबला. “तसं नाही. तपासणी तं होनारच.”
“मग तुमचा माणूस काय करतो?”
“तिकीट देते ना, मॅडम.”

म्हणजे माणशी साडेतीनशे रुपये कशाचे, तर क्यूआर कोड मोबाइलवर पाठवायचे. असं चार प्रश्नांत उघडं पडतं. चिडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त विचारत राहायचं. जो एजंट पहिल्याच प्रश्नाला “तिकिटाची रांग टळेल, तपासणीची टळणार नाही” असं सरळ सांगतो, त्याच्याकडून गाडी घ्यायला हरकत नाही. असे एजंट आहेत. मला दोन भेटले.

बोलणं झालं की तेच व्हॉट्सॲपवर लिहून मागायचं : ५०चं तिकीट धरलं का, २००चं धरलं का, पार्किंगपासून दरवाजापर्यंतच्या बॅटरीच्या गाडीचं भाडं कोणाकडे, गाइड किती माणसांमागे एक, आणि दुकानात नेणार का. ताजमहालाजवळ पेट्रोल-डिझेलची गाडी जाऊ देत नाहीत, त्यामुळे बॅटरीच्या गाडीचा प्रश्न विसरू नका. गुडघे दुखणाऱ्यांना त्या अंतरातच अर्धा जीव जातो. लिहून द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याला आगाऊ पैसे पाठवू नका, मग तो तुमच्या भावकीतला असला तरी.

माझी आताची पद्धत सांगते. तिकिटं मी स्वतः काढते. गाडी एजंटची. गाइड वेगळा ठरवते. ‘बिनारांगेचं पॅकेज’ मी घेतच नाही.

गाइड निवडताना

ओळखपत्राचा फोटो आधीच मागवा. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचं, उत्तर प्रदेश पर्यटन विभागाचं किंवा पुरातत्त्व खात्याचं असलं पाहिजे, आणि त्याची मुदत संपलेली नसावी. एका गाइडमागे पंधरापेक्षा जास्त माणसं नकोत. मागच्यांना ऐकू येत नाही आणि त्या बिचाऱ्या फोटो काढत बसतात.

कार्ड असलं म्हणजे ज्ञान असतंच असं नाही. म्हणून मी फोनवर तीन गोष्टी विचारते.

मुमताज कुठे वारली? उत्तर बऱ्हाणपूर, १६३१ साली. तापीच्या पलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी पुरलं होतं आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. बऱ्हाणपूर आपल्या मेळघाटाच्या पलीकडे, अंजनगाव-अकोटच्या माणसाला शेजारचं. हे ऐकलं की आमच्या बायांना ताजमहाल एकदम जवळचा वाटू लागतो. गाइडला हे नीट सांगता आलं पाहिजे.

दुसरं, कारागिरांचे हात तोडले का? याला इतिहासात कुठलाही पुरावा नाही. जो गाइड हे रंगवून सांगतो, तो पुढेही मनाचं सांगणार.

तिसरा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात मोठा. महाराजांना कुठे ठेवलं होतं? १२ मे १६६६ला दरबार किल्ल्यात झाला, पण महाराज नजरकैदेत होते ते किल्ल्याबाहेर, मिर्झाराजे जयसिंगांचे पुत्र रामसिंह यांच्या मुक्कामाजवळ, फुलादखानाच्या पहाऱ्यात. तिथूनच ते ऑगस्टमध्ये निसटले. किल्ल्यातली एखादी अंधारी खोली दाखवून “यहीं पर शिवाजी महाराज को क़ैद किया था” म्हणणारे गाइड मी दोनदा ऐकले. आमच्या बाया तिथे डोकं टेकवतात, डोळे पुसतात. त्यांच्या भावनेशी असा खेळ मला चालत नाही. या प्रश्नाला चुकीचं उत्तर देणारा गाइड मी घेत नाही, कितीही स्वस्त असला तरी.

महादजी शिंद्यांच्या काळात हा किल्ला मराठ्यांकडे होता आणि १८०३मध्ये इंग्रजांनी तो घेतला, एवढं कोणी आपणहून सांगितलं तर तो गाइड हातचा सोडू नका. आणि ‘पूर्ण किल्ला दाखवतो’ असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा, किल्ल्याचा बराचसा भाग सैन्याच्या ताब्यात आहे, तिथे कोणालाच जाता येत नाही.

दुकानं

संगमरवरी वस्तूंचं शोरूम, चामड्याचं शोरूम, पेठ्याचं दुकान, प्रत्येकात गाइड-ड्रायव्हरचं कमिशन असतं. “दुकान नाही” हे व्हॉट्सॲपवर लिहून घेतलेलं हवं, म्हणजे ड्रायव्हर ऐनवेळी गाडी वळवत नाही. पेठा घ्यायचाच असतो, तो आम्ही शेवटच्या दिवशी स्वतः घेतो.

त्या दिवशी सकाळी

लॉजमधून निघायच्या आधी सगळ्यांचे खिसे रिकामे करा. आपल्याकडच्या पुरुषांच्या खिशात खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पुडी असतेच. तंबाखू, माचीस, लायटर काहीही आत नेऊ देत नाहीत. २०२३ला एका भावजींच्या बंडीच्या आतल्या खिशात घोटलेला खर्रा निघाला. तपासणीवाल्याने पुडी दोन बोटांत धरून वर केली आणि त्यांना बाजूला काढलं. ते रांगेच्या शेवटून पुन्हा आले तोवर बाकीचे तेवीस जण आत उभे होते. तिकिटावर आत राहायची मुदत तीन तासांची, त्यातली पस्तीस मिनिटं एका पुडीत गेली. आता मी लॉजच्या दारात पिशवी धरून उभी राहते आणि खर्रा, नस, माचीस सगळं त्यात टाकायला लावते. तिखट पुऱ्या, चिवडाही गाडीतच राहू द्या, खायचं आत नेता येत नाही. पिशवी जितकी लहान तितकी तपासणी लवकर. बायांनी फक्त एक बटवा घ्यावा.

ताज झाला की माणसांना खाऊ घाला, तासभर टेकू द्या, मग किल्ला. आत जाण्याचा रस्ता अमरसिंह दरवाजाने, बाहेर महाराजांचा पुतळा आहे. तिथे आमच्या बायांना वेळ लागतो, तो आधीच धरून ठेवा. गाइडचे पैसे किल्ल्यातून बाहेर पडल्यावर, सगळी माणसं मोजून झाल्यावर, त्याच्या हातात द्या.